ठमीच्या रेघेचं काय होणार

सोमवार, ७ ऑक्टोबर

ठमी घरात बसूनच ऑफिस करते म्हणून बरं, नाहीतर माझी नात पोटासाठी काय करते हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. आज विचारलंच. तर म्हणे, बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होतो ना, त्याच्या उपचारांचा बाजार आज केवढा आहे आणि पुढे केवढा होईल, ते शोधून सांगायचं. औषधं किती खपतील, ती किरणांची यंत्रं किती लागतील. म्हटलं, अगं याचाही बाजार असतो? म्हणे, सगळ्याचा असतो. मी पुन्हा भाजी निवडायला लागले. चौथी शिकलेल्या बाईच्या डोक्यात हे कुठून शिरणार!

पण गंमत अशी, की एवढ्या अभ्यासाचं उत्तर म्हणजे एक रेघ. डावीकडून निघते आणि वर जाते. वर गेली की साहेब खूश. साहेब म्हणजे तो कॉम्प्युटरमधला, टाय लावून बसणारा. परवा काहीतरी घ्यायला उठला तर खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा! तेव्हापासून घरात त्याचं नाव पायजमेसाहेब.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

ठमीचं तोंड एवढंसं झालंय. तिची रेघ थोडी वर्षं वर जाते आणि मग चक्क खाली वळते. मुलींना लस देतायत, बायका वेळेत तपासून घेतायत, म्हणून हा आजारच पुढे कमी होत जाणार, असं तिच्या हिशेबात आलंय. मी टाळ्या वाजवल्या. तर म्हणाली, "आजी, टाळ्या काय वाजवतेस? साहेब म्हणालेत, रेघ वर ने, नाहीतर दुसरी नोकरी बघ."

शुक्रवारी गिऱ्हाईक येणार आहे, तेही कॉम्प्युटरमध्येच. मोठमोठे दवाखाने चालवणारी माणसं. किती यंत्रं घ्यायची ते ठमीची रेघ बघून ठरवणार.

टाळ्या मागे घेतल्या.

बुधवार, ९ ऑक्टोबर

आज मी गिऱ्हाईक झाले! ठमीला सराव हवा होता. म्हणाली, खडूस वाग, अवघड अवघड विचार. मग काय – ह्यांचा जुना कोट कपाटातून काढला (डांबरगोळ्यांचा वास अजून तसाच, ह्यांची आठवण आली आणि शिंकही), तिच्या फिरत्या खुर्चीत बसले, आधी दोन गिरक्या घेतल्या. ठमीने सगळं छान समजावलं. मी विचारलं, भाव काय? तिने सांगितला. म्हटलं, शेजारच्या कंपनीत निम्म्यात मिळतं. तर म्हणे, आजी, हा भाजीबाजार नाहीये. मी सरळ उठून चालायला लागले. दुकानदार मागून हाक मारतोच ना! दारापर्यंत गेले, जिन्यात गेले, हाक काही येईना. तशीच कोट घालून उभी. शेवटी सून आली, म्हणाली, आई, आत या, लोक बघतायत.

गुरुवार, १० ऑक्टोबर

ठमीला हळूच म्हटलं, ने की गं जराशी वर, कुणाला कळतंय. म्हणाली, मला कळतंय. जेवली नाही. मीही तिच्यासाठी उपाशी राहिले – म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

काय लिहू आणि कसं लिहू!

मला स्वयंपाकघरात बसवलं होतं, बोलायचं नाही या अटीवर. दार मी बोटभर उघडं ठेवलं. ठमी काय बोलली! रेघ वर गेली, वळली, खाली आली. तेवढ्यात पायजमेसाहेब मध्येच म्हणाले की हा कच्चा अंदाज आहे, आणि त्यांनी आपली वेगळी रेघ काढून दाखवली. जिन्यासारखी, नुसती वर वर जाणारी. गिऱ्हाइकांतल्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यातली खरी कुठली? साहेब टाय चाचपायला लागले.

आणि मला, मेलीला, बुधवारची सवय लागलेली. आतूनच ओरडले, "खाली जाणाऱ्या मालाला एवढा भाव? काहीतरी कमी करा!"

ठमीचे कान लाल. साहेब पांढरे. डॉक्टरीणबाई मात्र हसायला लागल्या. कोण आहे, बोलवा म्हणाल्या. गेले, साबणाचे हात पुसत. त्यांनी विचारलं, आजी, तुम्हीच सांगा, कुठली रेघ धरू?

मोठ्या पेचात पडले. ठमी जमिनीकडे बघत होती. खोटं बोलायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण निघालं भलतंच. "बाई, मला नात नोकरीत राहायला हवी आहे. पण रेघ तिचीच धरा. लहानपणी आमचं मांजर काढायची ती. त्याची शेपटी अर्धी होती, तर अर्धीच काढायची. मी कितीदा म्हटलं पुरी कर, नाही केली."

शनिवार, १२ ऑक्टोबर

ठमीची नोकरी गेली. साहेबांचा फोन चहा गाळून होईपर्यंत आटोपलासुद्धा. सून म्हणाली, "आई, तुम्ही जरा तोंड..." आणि थांबली. पुढचं मला ऐकू आलंच.

साय सगळी ठमीला वाढली. खाल्लीन् बाई.

सोमवार, १४ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंचा फोन! यंत्रं मोजकीच घेणार, त्याऐवजी गल्लोगल्ली फिरणाऱ्या तपासणीच्या गाड्या काढणार आहेत. ठमीला त्या कामावर बोलावलंय. म्हणे, रेघ काढलीत ना, आता ओढा खाली. ठमी म्हणाली, "आजी, हे काम नीट केलं तर एक दिवस माझी हीसुद्धा नोकरी जाईल." आणि इतकी हसली, इतकी हसली, की सून गॅस बंद करून बघायला आली.