अमरच्या होडीचा जागल्या

१४ डिसेंबर

पाच एचपी! पुन्हा पाच एचपी! आज कवडूशी भांडलेच. विहिरीत पाणी तीन एचपीपुरतं, पण सोलर पंप मात्र पाचचाच हवा. "शेजाऱ्याचा पाचचा हाय, मी काहून तीनचा लावू?" पंपांच्या माझ्या या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांकडून हेच ऐकायचं. त्यापेक्षा हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न बरे.

संध्याकाळी मालवणहून अमरचा फोन. माझा धाकटा भाऊ नौदलातून सुटला आणि शहापूरला घरी यायचं सोडून जुनी शिडाची होडी घेऊन बसला. एकट्याने मंगळूरला जायचंय म्हणे! "ताई, रडार तूच निवडून दे. ब्याटरीचं तुलेच समजते."

१६ डिसेंबर

दोन दिवस रडारचंच वाचतेय. मोठी जहाजं, बिनदिव्याच्या मच्छीमार होड्या — एकटा माणूस रात्री झोपणार कधी? काही जवळ आलं की रडार बोंबलतं, तेवढ्या भरवशावर डुलकी घ्यायची. म्हणजे ते रात्रभर चालू हवं. आणि होडीवर वीज कुठली, तर एक सोलर पॅनल आणि दोन बॅटऱ्या.

मोठंच घ्यावं. लांबचं दिसतं. जिवापेक्षा जास्त काय आहे? मागवून टाकलं.

१७ डिसेंबर

रद्द केलं! हिशेब मांडला आणि कपाळावर हात मारला. त्या धुडाने पहाटेच्या आत बॅटरी संपवली असती. लोका सांगे ब्रह्मज्ञान... मीही कवडूच की!

आता लहान घेतलंय. झाकण ठेवलेल्या परातीएवढं. फार लांबचं दिसत नाही, पण वीज अगदी थोडी खातं. शिवाय स्वतः झोपतं, थोड्या थोड्या वेळाने जागं होऊन चौफेर बघतं, पुन्हा झोपतं.

मायला समजावत होते. ती दिवाळीपासून अमरशी बोलत नाही. "धानाच्या बांधीतला मानूस, समुद्रात कायले मरून राहिला?" हे एकच पालुपद. पण ऐकत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "मंग हा जागल्याच झाला." बाबा आणि ती रानडुकरांसाठी शेतात रात्रीची जागल करायचे, आळीपाळीने. एक झोपला की दुसऱ्याने डबा वाजवायचा.

२ जानेवारी

निघाला. माय फोनवर आली नाही ती नाहीच.

३ जानेवारी

काय करून बसले मी!

तुलारामचा पंप दुपारनंतर पाणी ओढत नाही म्हणून शेतावर गेले. पॅनलवर मोहाच्या झाडाची सावली. त्याला झापलं — "एका कोपऱ्यावर सावली पडली तरी अख्खं पॅनल बसते, किती वेळा सांगू?" — आणि तिथेच आठवलं. शीड! पॅनलच्या डोक्यावर एवढं मोठं शीड, आणि मी हिशेब धरला उघड्या उन्हाचा. बॅटरी भरणार नाही. रडार मुकाट बंद पडेल. आणि तो ताईच्या भरवशावर झोपलेला असेल.

फोन लागत नाही. समुद्रात आत गेलाय.

४ जानेवारी

लागत नाही.

५ जानेवारी

मायला सांगून टाकलं. वाटलं, मला फाडून खाईल. उठून देवापुढे दिवा लावून आली. ताट वाढलं, तर जेवली नाही. मग मीही नाही. देवा, एवढी वेळ सांभाळ.

६ जानेवारी

लागला!!!

मंगळूरला पोचला! मी रडतेय आणि हा हसतोय. "सावली? ते तं पयल्याच दिवशी दिसली, ताई. प्यानल दोरीनं बांधलं. सकाळी या बाजूले, दुपारी त्या बाजूले. माय बाजेवरचे पापड उन्हामागं सरकवते ना, तसं!" मेल्या, कालपासून इथे आमच्या पोटात अन्न नाही.

आणि रडार? पहाटे एकदा बोंबललं. उठून बघतो, तर अंधारात बिनदिव्याची होडी, सरळ अंगावर येणारी. वळवली म्हणे वेळेवर. "मोठं असतं तं तवापर्यंत ब्याटरी मेली असती, ताई."

हुश्श. माय दारात उभी राहून सगळं ऐकत होती. फोन पुढे केला, तर आत निघून गेली. पण रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

७ जानेवारी

अमर आता कोचीला जाणार म्हणे. जाऊ दे. आज कवडूला तीनचा पंप विकला, न भांडता!

८ जानेवारी

माय सकाळपासून माळ्यावर उचकापाचक करत होती. बाबांची जागलीची टॉर्च सापडली. नवे सेल टाकून दोनदा लावून पाहिली, मग म्हणाली, "अमरले फोन लाव. थांब म्हना तिथंच, मी येऊन राहिली. दोघं असलो तं एक जन झोपते."