काचेतली कानबाई

लोणखेडा, बुधवार

प्रिय रुपा,

फोनवर मला नीट बोलता येत नाही आणि तू नीट ऐकत नाहीस, म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाच. मोठ्याने वाचू नकोस. धर्मेंद्रभाऊजींना मागून सांग, आधी तू एकटी वाच.

काल फोनवर तू रडलीस ती आनंदाने. संग्रहालयाने तुमचा अर्ज मंजूर केला, आपली कुळदेवी कानबाई श्रावणातल्या रविवारी दोन दिवसांसाठी खापरला तुझ्या घरी येणार, सहा वर्षांनी तिच्या नैवेद्याचे रोट होणार, सगळे भाऊबंद जमणार. आणि त्याच दमात सांगितलंस की स्वप्नालीला नंदुरबारच्या दवाखान्यातून घरी आणलं. सातवा महिना, पाय सुजलेले, बीपी उतरत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या बाळंत होईपर्यंत इथून हलवू नका. आणि तुम्ही सही करून सुनेला घरी घेऊन आलात. वर मला म्हणतेस, "आते माय घर ई ऱ्हायनी भाभी, आते कसानं भ्याव!" माय घरी येतेय म्हणून भीती संपली? मी फोन कापला. रेंज गेली नव्हती, मीच कापला.

तिची आधीची दोन पोटातच गेली, ती कानबाई काचेत कोंडली म्हणून गेली, असं तू सांगत फिरतेस. कोंडणारी कोण, तर मी. हेही सांगतेस, मला कळतं सगळं. कोंडली हे खरंच आहे. तुला न विचारता दिली तिला. तुझे जेठ, माझे मालक, आधीच गेलेले, देव थोरल्या घरी म्हणजे माझ्या घरी, मग विचारायचं कुणाला? माझा पोरगा भाग्येश गेला त्याला वर्ष झालं आणि मी तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीने शहाद्याला संस्थेच्या संग्रहालयात नेऊन ठेवली. चार पिढ्यांचा काळा पडलेला नारळ, चांदीचे डोळे, नाकात नथ. तिथले दलसिंग सर, तोरणमाळकडचे आहेत, ते उठून उभे राहिले तिच्यासमोर. मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडे, मला हिचं तोंड बघायचं नाही. मग महिन्याभराने मीच परत गेले आणि झाडलोटीचं काम आहे का विचारलं. तोंड बघायचं नव्हतं तर का गेले, ते विचारू नकोस.

झाडलोट म्हणजे आपल्या अंगणासारखी नाही. पुण्याच्या एक दीपमाला मॅडम आठ दिवस शिकवायला आल्या होत्या. होळीचा मोरपिसांचा टोप असतो ना डोंगराकडचा, त्याचं एकेक पीस मऊ ब्रशाने झटकायचं, तेही एकाच बाजूने. कमरेला बांधायच्या भोपळ्यांच्या माळेला उघडा हात लावायचा नाही, हाताच्या घामाने दोरा कुजतो. उजेड कमी, फडकं कोरडं, प्रत्येक पेटीत ओल ओढणाऱ्या निळ्या दाण्यांच्या पुड्या. दाणे गुलाबी झाले की सरांना हाक मारायची. मॅडम म्हणायच्या, मावशी, जुन्या वस्तूला नवी करायची नाही, आहे तिथेच तिला थांबवायची. मला आधी राग यायचा. मेलेल्या टोपाची एवढी बडदास्त, आणि जित्या माणसाला सरकारी दवाखान्यात खाट मिळत नाही. पण शिकले. कानबाईच्या पेटीला त्यांनी दोनदा बोट लावून सांगितलं, हिला पाणी दाखवायचं नाही, नारळाच्या कवटीला बारीक चीर आहे.

आता ऐक. तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. कानबाईचा रविवार. सर तोरणमाळकडे वस्तू गोळा करायला गेलेले, किल्ली माझ्याकडे. घरोघरी रोटाचं दळण चाललेलं, रस्त्याने गाणी ऐकू येत होती, आणि ती आपली काचेत बसलेली, कोरडी, ना हळद ना कुंकू. मला राहवलं नाही, रुपा. मी तिच्यावर रागावलेली, तरी राहवलं नाही. पेटी उघडली. नथ-डोळे काढले, तांब्याभर पाण्याने आंघोळ घातली, हळद लावली, ओल्या फडक्यावर बसवली, जशी आपण चौरंगावर बसवायचो तशी, आणि काच लावून घरी आले. सहा वर्षांत मला त्या एका दिवशी बरं वाटलं.

आठवड्याने बघते तर पुड्या सगळ्या गुलाबी आणि तिच्या तोंडावर पांढरी बुरशी. घाबरले. सरांना फोन करायचा सोडून मी आपल्या घरात डाळीला ऊन देतात तसं तिला गच्चीवर ऊन द्यायला ठेवलं. दुपारी कडकन वाजलं. धावत गेले, तर दोन फाका. उचलल्या तर हातात भुगा. आत खोबरं नाही, पाणी नाही, भुंग्यांनी खाऊन केलेलं काळं पीठ. चार पिढ्या ज्याच्यापुढे डोकं टेकलं ते माझ्या पदरात आलं आणि वाऱ्याने उडालं.

जे उरलं ते प्रकाशा गावी जाऊन तापीत सोडलं. मग शहाद्याच्या बाजारातून एक नारळ घेतला. तासला, चहाच्या पाण्यात दोन दिवस बुडवला, चुलीची काजळी आणि तेल लावून घासला. डोळे आणि नथ खरीच होती, ती बसवली. सर आले, पेटीकडे बघून म्हणाले, "वा मावशी, छान ठेवलंय सगळं." तेव्हापासून खाली पाटी तीच आहे, अंदाजे शंभर वर्षे. शाळेची पोरं येतात, वहीत उतरवून घेतात. बायका चपला काढून हात जोडतात. एकीने नवस केला आणि फेडायलाही आली; मी झाडू हातात घेऊन बाजूला उभी.

म्हणजे रविवारी तुझ्या घरी जी येणार आहे ती मी आहे. माझी लबाडी आहे. तिच्यापुढे रोट ठेवायचे तर ठेव, पण तिच्या भरवशावर पोरीला घरी ठेवू नकोस.

आज सकाळी सरांना सगळं सांगितलं. वाटलं ओरडतील. ते पेटीसमोर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मावशी, तीन वर्षं मी हातमोजे घालून बाजारातला नारळ पुसतोय." हसले नाहीत. पाटी त्यांनी स्वतः काढली. संस्थेला लिहून कळवावं लागेल म्हणाले, तुमचं काम जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या. गावात काय म्हणतील तेही म्हणू दे. तू तर तोंड बघणार नाहीस माझं, हे धरूनच लिहितेय.

पण नुसतं हे सांगायला मी एवढी पानं खरडली नसती. तुला भाग्येशचं सांगायचं आहे, जे मी कुणालाच सांगितलं नाही. तुम्ही सगळे म्हणता, मण्यार चावली, वेळच मिळाला नाही, देवीची मर्जी. वेळ होता, रुपा. सकाळी तो कानबाईच्या मांडवाला केळीचे खांब तोडायला मळ्यात गेला. परत आला तेव्हा तू गिरणीवर होतीस. मी रोटाच्या पिठाला बसलेली, उपाशी. तो दारात उभा राहून म्हणाला, "माय, पोट दुखी ऱ्हायनं." मी म्हटलं, उपास आहे म्हणून दुखतंय. आपल्या घरी रोटाला बसलेली बाई मधे उठत नाही, तुलाही सासूने तेच शिकवलं. घटकाभराने तो परत आला, भिंत धरून. "माय, डोया मिटी ऱ्हायनात." डोळे मिटतायत म्हणाला, आणि मी वरसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, "रोट व्हई जाऊ दे, मंग जाऊत." घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने रोटाचं पीठ मोजतो ना आपण, त्याच्या वाट्याचं मी त्याच वेळी मोजत होते. तो पडवीत जाऊन आडवा झाला. तू गिरणीवरून आलीस आणि ओरडलीस, तेव्हा मी उठले. दोन वेळा सांगितलं होतं त्याने मला. दवाखाना कुठे लांब होता?

स्वप्नालीही तुला काही सांगत असेल. डोकं दुखतं म्हणत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणत असेल, आणि तू म्हणत असशील, रविवार होऊ दे. डॉक्टरबाईंना मी फोन केला होता, त्या म्हणाल्या रविवार खूप लांब आहे. हे पत्र घेऊन आलेला सुपडू जीप घेऊन तुझ्या दारात थांबला आहे. तिची फाईल आणि दोन गाऊन पिशवीत भर आणि तिला गाडीत बसव. ती बसल्याशिवाय तो तिथून हलणार नाही, त्याला तसंच सांगितलंय. भांडायचं असेल तर तूही बस. मी नंदुरबारला दवाखान्याच्या पायरीवर आहे.

जेठानी म्हण नाहीतर वैरीण म्हण,
तुझीच
मीना