मागच्या पडीक तुकड्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, रानातल्या झाडाझुडपांची आणि प्राण्यांची पाहणी करून पोट भरणारी, आमच्या घरातली शाळेत गेलेली पहिली, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. शुद्धीचा दाखला सोबत जोडला आहे. गोचिडीच्या तापातून मी बरी झाले असून डॉक्टरीणबाईंच्या मते या कागदाची आता काही गरज नाही. तरी लिहिते. तापात याच काळजीने डोकं खाल्लं होतं.

१. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती खर्च करावी, जपून ठेवू नये.

२. दुर्बीण व रोपं दाबून वाळवायची फळी कामावरच्या मैत्रिणीला. फळीचा एक पट्टा तुटका आहे, हे आधी सांगावे.

३. फ्रीजरमधल्या निळ्या डब्यात कोल्ह्याची विष्ठा आहे. आईला वाचता येत नाही, तरी हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे. डबा प्रयोगशाळेचा आहे.

४. घरामागचा पडीक तुकडा आत्याने माझ्या नावे केला. तिथे दर महिन्याला दोरीची चौकट टाकून मी आतलं प्रत्येक रोप मोजते. काही लावायचं नाही, उपटायचं नाही; आपोआप काय उगवतं ते पाहायचं. मी दौऱ्यावर असताना आईने एकदा चौकट खुरपून लख्ख केली. म्हणाली, "शिकलेल्या मुलीच्या दारात रान माजलेलं बरं दिसतं का?" माफ केलं आहे. नोंद मात्र राहू दे.

दादाला त्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज तिथवर वाढवायचं आहे. म्हणून तुकडा त्याला मिळता कामा नये, असं मी ठरवलं होतं. मी दवाखान्यात असताना मोजणीचा दिवस आला आणि त्याचाच फोन आला.

"चिमणे, चौकटीपाशी बसलोय. यातली दोन ओळखतो, बाकी मला सगळं गवतच. काय लिहू?"

"अंदाजाने नाव लिहू नकोस हं."

"वेडी आहेस का? 'माहीत नाही' लिहितो, फोटो काढतो. आणि आईचं खुरपं काढून घेतलंय, ती फुगून बसलीय."

आमच्या कामात अंदाजाने लिहिलेलं एक नाव पुढची सगळी वर्षं नासवतं. हे त्याला मी कधी सांगितलं नव्हतं.

सबब सदर तुकडा दादाला. 'बांधकाम करू नये' ही अट मी लिहून खोडली आहे व खोडलेल्या ओळीशेजारी सही केली आहे. गॅरेज बांधावंसं वाटलं तर त्याने खुशाल बांधावं.

आईला साक्षीदार व्हायचं होतं. जिला काही मिळतं तिने साक्षीला बसू नये, हे तिला पटलेलं नाही.

लिहून देणार : (सही)
साक्षीदार : डॉक्टरीणबाई (सही), शेजारची शिंपीण (सही)
ठिकाण : राहतं घर, मागची खोली
दिनांक : ९ मार्च २०२४