एक लिटर युरिया, शेल्फ क्रमांक तीन

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी ६:४०

आजपासून रोज सविस्तर नोंद. कारण शास्त्रीय आहे.

शेल्फ क्रमांक तीनवर एक लिटरची काचेची बाटली आहे. आत युरियाचं द्रावण. लेबलावर तारीख २५ नोव्हेंबर, गेल्याच्या गेल्या वर्षीची. खाली लिहिलंय, लिव्हिओ, झाकण घट्ट लाव. अक्षर नेरिडाचं. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो: लिव्हिओ मी, नेरिडा माझी बायको. या प्रयोगशाळेत आम्ही बावीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काम केलं. लेबलावरच्या तारखेनंतर एकोणीस दिवसांनी ती गेली.

उसाच्या शेतातली माती आमच्याकडे तपासायला येते. टाकलेला युरिया जमिनीत किती राहतो आणि अमोनिया होऊन हवेत किती जातो, हे आम्ही मोजतो. त्यासाठी द्रावण दर सोमवारी ताजं करायचं आणि जुनं ओतून द्यायचं असा नियम आहे. जुन्याचं आपोआप विघटन होतं आणि नाकाला झोंबणारा वास सुटतो.

पण हे झालं पुस्तकात. आमच्या इंगम गावच्या दमट हवेत ते नक्की किती दिवस टिकतं, हे कुणी मोजलंय? कुणीच नाही. मी मोजतोय, गेल्या जुलैपासून रोज, याच वहीत. यात भावनेचा प्रश्न नाही.

आजची नोंद: पातळी कायम. रंग नाही. गाळ नाही. उत्कृष्ट.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

टेगननं सगळ्यांना बोलावलं. टेगन आमची प्रमुख, वय चौतीस, कामात चोख. १० मार्चला ब्रिस्बेनहून सुरक्षा तपासनीस येणार. मुदत संपलेली एकही बाटली दिसता कामा नये, असं म्हणाली. म्हणताना माझ्याकडे पाहत नव्हती. म्हणजे माझ्याचबद्दल बोलत होती.

मी म्हणालो, शेल्फ तीनवर प्रयोग चालू आहे. तिनं विचारलं, कसला? मी म्हणालो, दीर्घ मुदतीचा. ती म्हणाली, लिव्हिओ, त्याचं कागदपत्र काही आहे का? मी म्हणालो, होतंय.

दुपारनंतर तीन वेळा बाटली पाहिली. पातळी कायम.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. पहाटे ४:१५

मार्ग सापडला. टेगनला कागद हवेत, तिला कागद देतो. युरियाच्या सुरक्षित हाताळणीची संपूर्ण पुस्तिका लिहायची. प्रत्येक धोका, प्रत्येक उपाय. त्यात जुन्या द्रावणावर स्वतंत्र प्रकरण: जुनं द्रावण अनुभवी माणसाशिवाय कुणीही हलवू नये. अनुभवी माणूस इथे एकच आहे.

संकल्प: १. पुस्तिका दहा दिवसांत पूर्ण. २. पहाटे पाचच्या आधी उठायचं नाही. ३. रात्रीचं जेवण ओट्याशी उभं राहून नव्हे, बसून.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पुस्तिका जोरात. चौदा पानं झाली. युरियाची पूड डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटं पाण्यानं धुणे. धूळ उडू न देणे. सांडल्यास कोरडं असतानाच झाडून घेणे, ओलं झालं की फरशी निसरडी होते. जोरात तापवू नये, अमोनिया सुटतो. नायट्रिक आम्लाजवळ ठेवू नये. ब्लीचजवळ तर अजिबातच नाही, विषारी वायू होतात. डब्याचं झाकण घट्ट लावणे, नाहीतर हवेतलं पाणी ओढून त्याचा दगड होतो.

टेगननं चाळलं. म्हणाली, अहो लिव्हिओ, हा युरिया आहे. ऊस पिकवणारे तुमचे सगळे चुलतभाऊ तो पोत्यानं खांद्यावर वाहतात. मिठाला तरी इतकं कुणी घाबरतं का? मी म्हणालो, हीच बेफिकिरी घातक. तिनं मान हलवली. पटलं असावं.

संकल्प दोन मोडला (३:५०). संकल्प तीनसाठी टेबल रिकामं हवं, त्यावर नेरिडाच्या शिवणाचं सामान आहे. ते आवरलं की लगेच.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

मोठं काम उरकलं. शेल्फ तीन पूर्ण मोकळा केला. आता तिथे ती एकच बाटली. याला विलगीकरण म्हणतात. युरियाचा पंचवीस किलोचा डबा तिथे होता, तो सिंकखालच्या कपाटात हलवला. कपाट बंद असतं, त्यामुळे अधिक सुरक्षित.

बाटलीसमोर लाल पाटी लावली: अत्यंत धोकादायक. हात लावू नये. श्वास रोखून जवळ जावे.

डल्सी मावशींनी पाटी वाचली. त्या इथे काचसामान धुतात, फरशी पुसतात, आणि टेगनसकट सगळ्यांच्या मावशी आहेत. म्हणाल्या, अरे बाबा, तू तर रोज सकाळी तिला नाक लावून उभा असतोस, मग श्वास कोण रोखतो? मी म्हणालो, माझं प्रशिक्षण झालंय. त्या काहीतरी बोलणार होत्या. मग बादली उचलून गेल्या.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. दुपारी

नदी चढली. रस्ता बंद. काल-आज घरीच. पत्र्यावर पाऊस, एका जागी बसवत नाही. आवरायला टेबलाशी गेलो. कात्री, सुया, अर्धवट उसवलेला माझाच शर्ट. कात्री खोक्यात घातली, परत काढली. मग पुस्तिकेचं पान एकवीस लिहिलं, उभ्यानं.

डल्सी मावशी प्रयोगशाळेला लागूनच राहतात. त्यांना फोन केला, बाटलीवर लक्ष ठेवा म्हणालो. त्या म्हणाल्या, आहे तिथेच आहे, पबमध्ये गेली नाही. तू जेवलास का? मी म्हणालो, शेल्फवर पाणी गळत नाही ना? त्या म्हणाल्या, मी काय विचारलं? फोन खराब होता. ठेवला.

सोमवार, २३ फेब्रुवारी. सकाळी ६:१५

रस्ता सुरू. सरळ शेल्फपाशी.

पातळी दोन मिलिमीटरनं वाढली आहे!

पुन्हा मोजली. दोन मिलिमीटर. शांतपणे विचार केला. युरिया हवेतलं पाणी ओढतो, हे सर्वज्ञात आहे. पण झाकण बंद असताना ओढतो, हे अजून कुणी नोंदलेलं नाही. नेरिडाचं द्रावण साधं नाहीच. पंधरा महिने झाले, गाळ नाही, वास नाही, उलट वाढ. (वास मी बंद झाकणावरून घेतो. झाकण उघडणं प्रयोगाला बाधक.)

डल्सी मावशींना सांगितलं. त्या बराच वेळ चहा ढवळत बसल्या. साखर घेत नाहीत त्या.

शनिवार, २८ फेब्रुवारी

सुट्टी. आज लग्नाचा वाढदिवस. काही विशेष नाही. हवेतली आर्द्रता मोजायला प्रयोगशाळेत जाऊन आलो. दोनदा.

पान एकतीस. पुस्तिका संपली. शेवटचा नियम, क्रमांक सत्तावीस: युरिया पाण्यात विरघळताना भांडं गार पडतं. असं भांडं दुसऱ्याच्या मानेला लावू नये.

हे लिहिणं भाग होतं. अशी घटना इथे घडलेली आहे, आणि एकदा नव्हे. उन्हाळ्यात, आइस्क्रीमच्या डब्यात माती घेऊन आलेल्या शेतकऱ्यांसमोर. मी दचकून किंचाळायचो आणि ती अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, माफ करा हं, आमच्या तंत्रज्ञांची तब्येत नाजूक आहे.

नियम काढायचा की ठेवायचा ठरेना. ठेवला.

सोमवार, ९ मार्च

तयारी पूर्ण. पुस्तिका निळ्या फायलीत. लाल पाटी सरळ केली. उद्या तपासनीसबाई पुस्तिका वाचतील, प्रभावित होतील आणि शेल्फ तीनला हात लावणार नाहीत. कदाचित पुस्तिका सगळ्या प्रयोगशाळांना पाठवतील. चिंता कसलीच नाही.

पहाटे २:३० पासून जागा आहे, पण ते उकाड्यामुळे.

मंगळवार, १० मार्च

९:४०. तपासनीस मिसेस थर्लो आल्या. बारीक, नीटनेटक्या, चष्मा दोरीला. पुस्तिका घेतली आणि पहिल्या पानापासून वाचू लागल्या. असा वाचक भाग्यानं मिळतो.

१०:०५. दहाच्या चहाची वेळ. पण कुणी उठेना, कारण त्या अजून वाचतायत. दोनदा लाल पाटीकडे पाहिलं. चेहरा गंभीर. छान चाललंय.

१०:२०. छान चाललेलं नाही. त्यांनी पुस्तिका मिटली आणि टेगनला विचारलं, असली वस्तू पंधरा महिने उघड्या शेल्फवर? टेगन माझ्याकडे बघू लागली. मी छताकडे. मिसेस थर्लो म्हणाल्या, सगळे बाहेर. आत्ता.

१०:३५. सगळे आंब्याच्या झाडाखाली. आणीबाणीत जमायची जागा तीच आहे. पाऊस. डल्सी मावशींनी चहाबरोबरचे भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोड पाव, तेवढे वाचवून आणलेत आणि छत्रीखाली वाटतायत. मिसेस थर्लो टाउन्सव्हिलला फोन करतायत. घातक कचरा उचलणाऱ्यांची गाडी येणार, दोन तासांत. अंगभर पांढरे सूट घालून बाटली नेणार आणि जाळणार.

१०:४०. जाळणार.

(पुढचं घरी येऊन लिहितोय.)

मी म्हणालो, गाडी नको. त्या म्हणाल्या, का? मी म्हणालो, तो फक्त युरिया आहे. तीनशे ग्रॅम, बाकी पाणी. हातावर सांडला तर हात धुवायचा, संपलं. त्या म्हणाल्या, मग तुमची एकतीस पानं? श्वास रोखायचा तो कशासाठी? स्कोन हातात धरून उभा राहिलो. सगळे पावसाकडे बघत होते, टेगनसुद्धा. शेवटी मी म्हणालो, अक्षर बायकोचं आहे.

मिसेस थर्लोंनी फोनवर गाडी नको म्हणून सांगितलं. चष्मा पुसला. मग आत गेल्या, मला बरोबर यायला सांगितलं. हातमोजे चढवून त्यांनी झाकण फिरवलं. मी डोळे मिटले. वास नाही. अमोनिया दाखवणारी कागदी पट्टी धरली. पट्टीचा रंग बदलला नाही.

मला राहवलं नाही. म्हणालो, बघा, पंधरा महिने!

त्यांनी काचेवर एक थेंब टाकला, खालून अलगद गरम केला. पाणी उडालं. युरिया असता तर पांढरे स्फटिक उरले असते. काचेवर पुसटसा डाग, बाकी काही नाही. त्या हळूच म्हणाल्या, मिस्टर बर्तोलिन, हे नळाचं पाणी आहे.

मग त्यांनी सिंकखालचं कपाट उघडलं. युरियाचा पंचवीस किलोचा डबा, झाकण सैल, आत दगड. त्याला टेकून डल्सी मावशींचे ब्लीचचे चार कॅन. मिसेस थर्लोंनी माझीच पुस्तिका उघडून पान सहा माझ्यासमोर धरलं. अहवालात एकच गंभीर त्रुटी आहे, आणि ती मी १३ फेब्रुवारीला केलेली आहे.

बुधवार, ११ मार्च

डल्सी मावशींनी सकाळीच गाठलं. म्हणाल्या, बस. बसलो.

गेल्या जुलैत त्या शेल्फ पुसत होत्या. बाटली उचलली तर झाकण सैल. द्रावण ओघळून पांढरं कडक झालेलं, निम्मं उरलेलं, वास असा की डोळ्यांत पाणी. लेबल सुटायला आलं होतं. त्यांनी लेबलावर चिकटपट्टी लावली, द्रावण ओतून दिलं, बाटली धुतली आणि लिटरच्या रेघेपर्यंत नळाचं पाणी भरलं. झाकण आवळून लावलं. पुरात मी फोन केला तेव्हा पाणी थोडं कमी वाटलं, म्हणून वरून घातलं. अंदाज चुकला, म्हणाल्या. दोन मिलिमीटर.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, कधी सांगणार, राजा? त्याच महिन्यात तू रोज सकाळी पट्टी घेऊन मोजायला लागलास, वहीत लिहायचास आणि मग कुठे तुझा दिवस सुरू व्हायचा. माझा नवरा ऑल्विन गेला, त्याचा तंबाखूचा डबा नऊ वर्षं फ्रिजवर आहे. फक्त मी त्याची उंची मोजत नाही.

मी म्हणालो, झाकण मी घट्ट लावलं होतं. त्या म्हणाल्या, हो रे.

आठ महिन्यांच्या नोंदी वाचून काढल्या. पातळी कायम. रंग नाही. गाळ नाही. उत्कृष्ट. नळाच्या पाण्याबद्दल एकही विधान चुकीचं नाही.

सोमवार, १६ मार्च. सकाळी ८:३०

टेगन म्हणाली, सोमवार आहे, ताजं द्रावण लागेल, कोण करतं? मी म्हणालो, मी. पंधरा महिने ती स्वतः करत होती, हे आज लक्षात आलं.

नवा डबा उघडला. ब्लीच आता दुसऱ्या खोलीत आहे. गॉगल लावला. तीनशे ग्रॅम वजन केलं, पाणी घातलं, ढवळलं. काच गार पडत गेली, बाहेरून दव धरलं. शेजारच्या टेबलावर कुणी नव्हतं. आपल्याच मानेला लावून पाहिली. दचकायला झालं नाही.

चिकटपट्टीसकट जुनं लेबल डल्सी मावशींनी वाफेवर धरून काढून दिलं. ते घरी, टेबलावर, शर्टाच्या घडीवर ठेवलंय. बाटली तीच घेतली. नवं लेबल माझ्या अक्षरात: युरिया. १६ मार्च. सोमवार, २३ मार्चला ओतून देणे. अक्षर वाईट आहे.

झाकण घट्ट लावलं. पुन्हा तपासलं. घट्ट.

दहाच्या चहाआधी डल्सी मावशी शेल्फ पुसायला आल्या. बाटली उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि झाकणाला अर्धा फेरा आणखी दिला.