दवाखान्याशिवायचं नागपूर

२० डिसेंबर १९७८, बुधवार
आजपासून बाग ताणावर. मोटर बंद. आता महिनाभर संत्र्याच्या झाडांना पाण्याचा थेंब नाही, तेव्हा कुठे फेब्रुवारीत फुलं धरतील. वर्षातले हेच काय ते दिवस, नवरा-बायको दोघंही मोकळे. एरवी हे लाइटीच्या वेळा सांभाळत विहिरीवर, मी चुलीपाशी.

बांधावर सुमन भेटली, शेजारच्या बागेच्या बाबारावजींची बायको. म्हटलं, ताणात जोडीजोडीनं नागपूर पाहून येऊ. तर म्हणते, "नागपूर काय पाह्याचं वं? माह्यी दोन बाळंतपणं तिथंच झाली." पुरुषांचं नागपूर म्हणजे संत्रा मार्केट आणि मोटरच्या सामानाचं दुकान. आणि मी? नागपूरच्या महाल भागात जन्मले, मॅट्रिकपर्यंत तिथेच. पण लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. माझंही नागपूर आता डॉ.बाईंच्या दवाखान्यातलं बाकडं झालंय. एस.टी.तून उतरा, बाकड्यावर बसा, गोळ्या घ्या, एस.टी.त चढा.

एकदा तरी दवाखान्याशिवाय नागपूर. यांच्याबरोबर. दुसरं काही मागणं नाही.

२४ डिसेंबर, रविवार
यांना जेवताना विचारलं. "पाहू," म्हणाले. यांचं 'पाहू' म्हणजे नाही नव्हे, इतपत आठ वर्षांत कळतं.

घाबरले होते खरी. दिवाळीआधी गेलो तेव्हा डॉ.बाई म्हणाल्या, आता एकदा यांचीही तपासणी करून घेऊ. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. तेव्हापासून ना यांनी विषय काढला, ना मी. मला वाटलं, आता नागपूरचं नावच काढणार नाहीत.

३ जानेवारी १९७९
दादाचं उत्तर आलं. माझा भाऊ महालातच राहतो. लिहितो, किल्ला लष्कराकडे असतो, २६ जानेवारीला लोकांसाठी उघडतात, पंचवीसला संध्याकाळीच या, सगळ्यांची सोय करतो. वहिनीनं खाली स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'नक्की या.' किती चांगली माणसं.

बेत असा: सकाळी सीताबर्डीचा किल्ला. मग महाराजबाग. दुपारी महालात भोसल्यांची देवळं, जुन्या वेशी. उन्हं उतरली की अंबाझरी तलाव. सगळीकडे सायकलरिक्षा. सुमन म्हणाली, टांगा करू, सगळे मावतील. म्हणूनच टांगा नको! रिक्षात दोघंच बसतात. एरवी आमचे पुरुष दहा पावलं पुढे आणि आम्ही पिशव्या घेऊन मागे. रिक्षात कुठे पुढे जाणार?

तिसरी जोडी ठरली. यांचे चुलतकाका आणि काकू. दोघं साठीची. काकू म्हणाल्या, "मी यांच्या बाजूले बसू? लोकं काय म्हणतीन?" पण नाही म्हणाल्या नाहीत.

९ जानेवारी
एक घोळ लक्षात आला. नवरा-बायको नुसते फिरायला निघाले, हे गावात कुणी तोंडानं सांगणार नाही. लाज वाटते. बाबारावजींनी पसरवलं, मोटर जळाली, गुंडाळायला न्यायची आहे. (मोटर ठणठणीत.) काकाजी म्हणतात, दात बसवायचे. यांनी काय सांगितलं विचारलं, तर म्हणे, "मी काई नाई सांगितलं." बरं.

१४ जानेवारी, संक्रांत
आज तीन घरी हळदीकुंकू. सगळीकडे माझ्याच ओटीत नारळ. बाकीच्यांना नुसता तिळगूळ आणि वाण. पाटलीणबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "या खेपेले होते पाय तू. मोठी डॉक्टरीण हाय म्हणते." घरी आले तर सासूबाई देवापुढे बसलेल्या. म्हणाल्या, "म्या देवीले बोलली हाये. पोरगं झालं तं लुगडं नेसवीन."

म्हणजे यांनी आईला सांगितलं, डॉक्टरकडे जातोय.

सासूबाईंचा राग नाही. आठ वर्षांत मला एका शब्दानं टोचलं नाही त्यांनी. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

१७ जानेवारी
दोन दिवस धुसफूस. शेवटी बोललेच. म्हटलं, असं खोटं काहून सांगितलं? (रागावले की मीही गावचं बोलते.) ते म्हणाले, "मंग काय सांगू? बायकोले घेऊन हवा खाले चाललो म्हणू? दवाखाना म्हटलं की कोनी काई इचारत नाई."

मी म्हटलं, आल्यावर आई विचारतील, डॉक्टर काय म्हणाली, तेव्हा काय सांगू? किल्ला छान होता?

मीच म्हटलं, मग जायलाच नको. दादाला कळवते. पोस्टकार्ड काढलं, पण लिहवेना.

१९ जानेवारी
सुमनला सांगितलं, आमचं रद्द, तुम्ही जा. ती म्हणाली, "तू नाही तं मले रस्ता कोन दाखवीन? आमी तिथं जाऊन मोटरच गुंडाळून आनू." हसू आलं. रडूही आलं. तिच्या पदरालाच डोळे पुसले.

२१ जानेवारी, रविवार
सकाळपासून आभाळ. सगळं घर अंगणात वर बघत. ताणात पाऊस पडला की झाडं फुलांऐवजी पालवी काढतात, वर्षाचं पीक गेलं म्हणून समजायचं. हे तर पाण्याचा तांब्याही तोंडाला लावेनात. बाबारावजी आले होते, काकाजी होते. दोघंही म्हणाले, आता कुठलं नागपूर, पाऊस आला तर बागेत थांबावं लागेल.

आमचं रद्द झालेलं सासूबाईंना ठाऊकच नव्हतं. त्या म्हणाल्या, "बाग जाते तं जाऊ दे. डॉक्टरची तारीख चुकवू नोको. बाग काय, पुढल्या साली अजून फुलते."

यांनी आईकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या समोर, मान खाली घालून, पण स्वच्छ म्हणाले, "आई, डॉक्टरकडे नाई चाललो. मी खोटं बोललो. आमी दोघं फिराले चाललो."

बाबारावजी बुटाची माती काढू लागले. सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, झालं. मागोमाग गेले तर पिठाचा डबा उघडून बघत होत्या. म्हणाल्या, "सरळ सांगितलं असतं तं म्या काय पाय बांधून ठेवले असते? जा. पन माह्यं नवस-बोलणं काई मी मागं घेत नाई. दशम्या किती जनाच्या करू?"

पाया पडले. एरवी सणालाच पडते. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. चार वाजता ऊन पडलं.

२५ जानेवारी, महाल
एस.टी.त बायका पुढे, पुरुष मागे. मीही काही बोलले नाही, प्रवास लांबचा. पण बसस्टँडवर तीन रिक्षा ठरवल्या, तर पहिल्या रिक्षात मी चढायच्या आत काकू आणि सुमन. दुसऱ्यात काकाजी आणि बाबारावजी. माझी मेहनत पाण्यात. राहिलो आम्ही दोघं. रिक्षावाला म्हणाला, "बैठो ना भैया, भाभी को कायको खडा रखा?" हे बसले. मध्ये दशम्यांची पिशवी ठेवली. अर्ध्या वाटेपर्यंत तशीच होती, मग यांनीच ती उचलून पायाशी ठेवली.

आज माझ्यासारखी सुखी कोण आहे.

२६ जानेवारी, शुक्रवार
पाय तुटले, थोडक्यात लिहिते. किल्ल्यावर ही गर्दी. चढावर काकूंना दम लागला तर काकाजींनी हात धरला, चांगला शंभर माणसांत, आणि वर पोचल्यावरही सोडायचं विसरले. सुमन मला कोपर मारते. काकू म्हणाल्या, "हसू नोका वं, पोरींनो." पण हात त्यांनीही सोडवला नाही.

वरून सगळं नागपूर. यांनी विचारलं, "तुयी शाळा कोन्ती?" दाखवली. घर दाखवलं, म्हणजे त्या बाजूचं झाड दाखवलं. खूप विचारत होते. लहानपणी कुठे खेळत होती, नदीवर जात होती का. आठ वर्षांत असं विचारलं नव्हतं. विचारायला वेळ तरी कुठे होता, कायम एस.टी.ची घाई.

मग म्हणाले, "तो दवाखाना कोन्या बाजूले येते?" मी म्हटलं, आज नाही. आज ते नाव नको. "बरं," म्हणाले, आणि खरंच दिवसभर काढलं नाही. पण त्यानंतर जरा कुठेतरी हरवलेले. अंबाझरीला पाण्याकडे बघत बसले होते. मी भजी आणली, निम्मी यांनी माझ्या पुडीत परत टाकली. बाबारावजी सुमनला चिडवत होते, ती लाजत होती. चार लेकरांची आई. किती छान दिवस. देवा, एवढं दिलंस, पुष्कळ.

२८ जानेवारी, रविवार, गावी
काल परत आलो. सासूबाईंना सगळं सांगितलं. किल्ला, रिक्षा, काकाजींचा हात. पदरात तोंड लपवून हसल्या. म्हणाल्या, "तुये सासरे असते तं म्याबी गेली असती." डॉक्टरचं एका शब्दानं विचारलं नाही.

आज ताण तोडला. मोटर सुरू केली. जेवण घेऊन बागेत गेले. हे आळ्यात पाणी वळवत होते. फावडं चालूच ठेवून म्हणाले, "गुरुवारी नागपूरले जातो म्हनतो. डॉक्टरीण बोलली होती, ते तपासायचं. मी एकटाच जातो. तू लय बसली त्या बाकड्यावर. किल्ल्यावरच सांगनार होतो."

मी भाकरी वाढली. त्यांनी हात धुतले, जेवले. पुन्हा फावडं उचलताना म्हणाले, "माह्यात दोष निघाला तं आईले मीच सांगीन. तुयाकडे बोट नाई जाऊ देनार."

संध्याकाळपासून देवाजवळ बसावंसं वाटतंय, पण मागायला काही सुचत नाही. काय निघेल ते निघो. असा माणूस माझ्या वाट्याला आला. त्यांना एकट्यानं जायचं असेल तर जाऊ द्यावं, की सोबत जावं? त्या बाकड्यावर एकटं बसणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. अजून काही ठरत नाही. नागपूरला नेसायची साडी मात्र घडी करून गादीखाली ठेवली आहे.