हिरव्या शाईची सही

३ मार्च

शी! तीनदा हात धुतले, तरी बोटांचा वास जाईना.

सकाळी इन्स्पेक्टर आला – माझाच विद्यार्थी, पाठांतरात वर्गात पहिला. "सर, छाप्याला साक्षीदार हवाय. तुमच्यासारखा शब्दाचा माणूस." गेलो. बंद पडलेली लाँड्री, इस्त्रीच्या टेबलाखाली गर्दच्या – त्या नशेच्या भुकटीच्या – पुड्या. एकशे सोळा! प्रत्येक पुडीवर कागदाची पट्टी चिकटवायची, पट्टीवर मी सही करायची. उत्तरपत्रिका तपासायचो त्याच हिरव्या शाईच्या पेनानं केल्या. मनगट भरून आलं.

लेकीला सांगितलं. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन तिला आठच आठवडे झालेत. हसली – किती दिवसांनी! "म्हणजे नापासांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या करून आलात म्हणा की, बाबा."

तिच्यासाठीच तर गेलो होतो. दिवसभर पाचवीच्या पुस्तकातली झऱ्याची कविता ओठांवर होती. अख्खी आठवली!

९ मार्च

चौकात फलक – 'नशामुक्त शहर, आपला निर्धार'. मंत्र्यांचा चेहरा शहरापेक्षा मोठा! शाळेच्या मुलांना तासभर उन्हात उभं करून शपथ घ्यायला लावली. यमकसुद्धा धड जुळत नव्हतं. दोन मुली चक्कर येऊन पडल्या. मंत्री आले, हार घेतले, गेले. किळस आली.

१० मार्च

"बाबा, झऱ्याची म्हणा ना." म्हणून दाखवली. तिसऱ्या कडव्यालाच लेक झोपली. हल्ली फार झोपते. औषधांनी असेल.

१५ मार्च

जप्त माल जाळायचा आज सोहळा! मंडप, माईक, फोटोवाले. साक्षीदार म्हणून मी पहिल्या रांगेत.

ढिगावर टाकताना एक पुडी फुटली, माझ्या चपलेवर सांडली. चिमटीत धरून चोळली. खडू! बेचाळीस वर्षं हातात खेळवलेला खडू मला कळणार नाही? पट्ट्या पाहिल्या. सही माझीच – पण निळ्या बॉलपेननं, कुणीतरी गिरवलेली.

इन्स्पेक्टरला बाजूला घेतलं. "अरे, हा तो माल नाही."

"धूर डोळ्यांत जातोय तुमच्या, सर. इथं सही करा, सगळं जळालं म्हणून." मग हळूच, "ताईच्या जुन्या केसची फाईल अजून माझ्याच कपाटात आहे, बरं का."

केली सही. केली! ह्याला मी कविता शिकवल्या. थू त्याच्यावर, आणि माझ्यावरही.

१७ मार्च

लेकीच्या उशाशी ते पाचवीचं पुस्तक. झऱ्याच्या पानात खूण म्हणून कागदाची पट्टी. हिरवी शाई. माझ्या हातची सही.

पट्टी काढायचेही कष्ट घेतले नाहीत विकताना!

ती जागी झाली. माझ्या हातात पट्टी पाहिली. लपवालपवी नाही, रडणं नाही.

"बाकीच्या फाडून टाकल्या, बाबा. ही एक ठेवली. तुमचं अक्षर होतं ना."