वर कुठलं, खाली कुठलं?

प्रिय आई,

'प्रिय' विचार करून लिहिलंय, सवयीने नाही. तू लाल पेन घेऊन बसली असशील, म्हणून आधीच सांगतो.

तुला जाऊन चार महिने झाले आणि पत्र आज लिहितोय, कारण आज मंडईमागच्या फ्रेमवाल्याने मला एक प्रश्न विचारला. तू काढलेलं एक चित्र फ्रेमला द्यायला गेलो होतो. त्याने कागद काउंटरवर पसरला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "साहेब, यात वर कुठलं, खाली कुठलं? हुक कुठल्या बाजूला मारू?"

मला माहीतच नव्हतं गं!

तू जन्मभर शाळेत मराठी शिकवलंस. लहानपणी मी "ते दे ना, ते" म्हटलं की तुझं उत्तर ठरलेलं, "'ते' नावाची वस्तू आपल्या घरात नाही." भाजीवाला "मेथी बरी आहे" म्हणाला तर त्यालाही सोडायची नाहीस. "बरी म्हणजे? ताजी की कालची, ते सांगा." आणि नेमके तुझेच शब्द गेले.

डॉक्टरांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं. मेंदूत रक्तस्राव झालाय. ऑपरेशन केलं तर जगतील, पण बोलणं परत येईलच असं नाही. मी फॉर्मवर सही केली. हात इतका थरथरत होता की नर्सने विचारलं, "ही तुमचीच सही ना?" पुढची दोन वर्षं तू एक शब्द बोलली नाहीस, आणि दोन वर्षं मला एकच गोष्ट खात राहिली. मी आईला वाचवलं, की तिच्याच आत कोंडून ठेवलं?

थेरपिस्टने सुचवलं म्हणून पोस्टर कलर आणले. मला वाटलं, बरं झालं, ग्लास काढलास की पाणी द्यायचं, पंखा काढलास की पंखा लावायचा. तू डाव्या हातात ब्रश धरलास आणि काढलंस काय? ना ग्लास, ना पंखा. नुसते रंग! एकावर एक, कागदभर.

मी पण कसला हट्टी! हिंजवडीहून बसने आलो की बूट काढायच्या आधी तुझ्यासमोर उभा. "आई, ही नदी का? हा जिना आहे का? कुठे दुखतंय का?" तू चष्म्यावरून बघायचीस, गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं. तुझं सगळं करणाऱ्या मीनाताई, यवतमाळच्या, एकदा वैतागल्याच. "दादा, कायले इचारता सारखं सारखं? बसा नं जरा आजीजवळ." मी बसलो नाही गं. याचं फार वाईट वाटतं.

एकदा तर तू ब्रश ठेवून भिंतीकडे तोंड फिरवलंस. एकदा तरी खोटी मान डोलवायचीस ना! मी ते तोंड फिरवणं मनाला लावून घेतलं. वाटलं, तुला त्या सहीचा राग आहे.

तर आज, काउंटरवर. जवळजवळ सगळा कागद मातकट, एका कडेला दाट निळा, आणि मध्ये हळदीसारखा पिवळा पट्टा, मध्येच थांबलेला. मी कागद फिरवला. निळा वर आला तेव्हा डोक्यावर ओझं ठेवल्यासारखं झालं. पुन्हा फिरवला, सगळं कलंडतंय असं वाटलं. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा फिरवला, निळा खाली बसला, आणि माझा श्वास मोकळा झाला.

"ही बाजू वर," मी म्हणालो.

"कशावरून?"

मी तोंड उघडलं आणि शब्दच नाही! तुझा मुलगा, आई. शंभर टक्के कळलेलं, आणि सांगता येत नाही. फ्रेमवाला म्हणाला, "बरोबर आहे. मलाही तीच वाटत होती."

"मग विचारलंत कशाला?"

"गिऱ्हाईकाला विचारावं लागतं."

मला इतकं हसू आलं, आणि मग तिथेच रडू आलं. कळलं होतं, सांगता येत नव्हतं, तरी काही अडलं नाही. फ्रेमवाल्याला तर तू कोण हेही माहीत नव्हतं, तरी त्याच्यापर्यंत पोचलीस! तू कोंडलेली नव्हतीस. तुझं चालू होतं सगळं. मीच दाराबाहेर उभा राहून, बूटसुद्धा न काढता, शब्द मागत होतो.

सगळं सुखाचं होतं असं म्हणत नाही. काही कागद काळेच आहेत, ब्रश घासून घासून त्यांना भोकं पडलीत. तो राग खराच असणार. माझ्यावरचाही असेल. पण तोही तू बाहेर काढलास ना! बस, मला तेवढं पुरे आहे. आज किती दिवसांनी पोटभर जेवलो.

चित्र तुझ्या खुर्चीसमोर लावणार आहे, खाली नाव न देता. "हे काय आहे?" विचारतील, त्यांना खुर्ची देईन आणि चहा टाकीन. बाकीचे चाळीसेक कागद कपाटात आहेत. रोज घरी आलो की बूट काढून त्यातला एक घेऊन बसेन. गप्प. वचन देतो, एकही प्रश्न विचारणार नाही.

त्या फॉर्मबद्दल माफी मागायची म्हणून कितीदा हे पत्र मनात लिहिलं होतं. आता मागत नाही. खाली तीच सही करतोय, आणि हात थरथरत नाहीये.

तुझा,
नंदू